उसनी कारकीर्द

मी कॉलेजात असल्यापासून दुसऱ्याच एका माणसाची कारकीर्द जगत आलो आहे. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर लोक आधी हसतील आणि मग हळूच एखाद्या डॉक्टरचा पत्ता देतील. तो माणूस परदेशातला, बेस गिटार वाजवणारा. त्याच्या देशात त्याला लहान पोरंही ओळखतात म्हणे. आमच्या पुंडलिकनगरात त्याचं नाव घेतलं तर समोरचा विचारील, गोळी आहे का सिरप? म्हणून मी ते कुठं घेत नाही, इथंही घेणार नाही.

बेस म्हणजे काय हे आधीच सांगून टाकतो, कारण दर वेळी सांगावंच लागतं. दिसायला गिटारसारखा, पण तारा चारच, जाड, आणि आवाज खालचा. गाण्यात तो असतो तेव्हा कोणाला कळत नाही. नसतो तेव्हा गाणं पोकळ वाटतं, पण का पोकळ वाटतंय हेही कोणाला कळत नाही. यावरून बेसवाल्याला आईची, पायाच्या दगडाची, झाडाच्या मुळांची उपमा देणारे लोक भेटतात. मला त्या उपमांचा संताप येतो. दगडाला काही वाटत नसतं, मला वाटतं.

तो मला सापडला एका बिघाडामुळं. शिकायला शहरात आलो तेव्हा टीव्ही सेंटरजवळ खोली घेऊन राहायचो. खोलीवरच्या मित्राकडं टेपरेकॉर्डर होता, त्याच्या खोक्यात दोन स्पीकर, एक मोठा, एक छोटा. छोटा जळालेला. त्यामुळं गाणारा रजईत तोंड खुपसून गातोय असं वाटायचं, वरची सगळी झगमग गायब, आणि मोठ्या स्पीकरमधून एकच गोष्ट स्वच्छ यायची. जाड, सावकाश, कसलीही घाई नसलेली. कितीतरी दिवस मी तिला ढोलच समजत होतो. मग एकदा कॅसेटच्या आतला फोटो नीट पाहिला. चौघं उभे होते, आणि कडेच्या माणसाचा अर्धा चेहरा गाणाऱ्याच्या कोपराआड गेला होता. त्याच्या गळ्यात ते चार तारांचं वाद्य होतं. पुढं मित्रानं स्पीकर दुरुस्त करून आणला तेव्हा मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही.

पैठण गेटजवळच्या वाद्यांच्या दुकानात एक बेस धूळ खात टांगलेला होता. तो कोणी घेईल ही आशा दुकानदारानं सोडून दिली होती. मी तो घेतला आणि एसटीनं कन्नडला घरी गेलो. वहिनीनं पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"आगं माय! दोन तारा कुठं पाडल्या भाऊजी?"

दादानं तो हातात घेतला, वजन जोखलं, खाटेवर ठेवला आणि पाण्याची मोटार चालू करायला मळ्यात निघून गेला. आमचे आई-वडील मी लहान असतानाच गेले. मला वाढवलं, शहरात खोली करून दिली, ते सगळं दादानं. उसाला पाणी देता देता त्यानं मनातल्या मनात मला इंजिनियर करून ठेवलं होतं. मी झालो शेंद्र्याच्या एका कंपनीत स्टोअरकीपर, आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात बेसवाला. दादा त्यावर कधी रागावला नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, "नोकरी हाये. बाकी थोडा नाद हाये." तो 'थोडा नाद' मला शिवीसारखा लागायचा.

तर त्या माणसाची कारकीर्द. सुरुवात कॅसेटच्या कागदावरच्या चार ओळींपासून झाली. पुढं मासिकांतली कात्रणं, मग सायबर कॅफे, आता मोबाइल. मिळेल ते वाचून मी त्याचं आयुष्य ओळीनं लावलं आणि त्यात राहायला गेलो. मी कन्नडच्या एसटीत खिडकीला डोकं टेकवलं की ती त्याच्या दौऱ्याची बस व्हायची आणि बाहेरच्या उसाच्या जागी बर्फ पडायला लागायचा. गणपतीच्या मंडळापुढं ट्रॉलीवर उभा असलो की समोर त्याची हजारोंची गर्दी. शेंद्र्यात गेटवर सही करून आत जाताना ती सही मी जरा झोकदार करायचो. वॉचमन एकदा म्हणाला, "साहेब, नाव वाचता येऊ द्या की."

माझा एक नियम होता. त्याच्या आयुष्यात सुधारणा करायची नाही. त्याच्या बँडनं त्याला मध्ये काही वर्षं बाहेर काढलं होतं, तर ती वर्षंही मी निमूट भोगली. त्याचा घटस्फोट झाल्याचं वाचलं तेव्हा कँटीनमध्ये मला घास गिळवेना. माझं स्वतःचं लग्नच झालेलं नाही हे लक्षात घेता हे जरा अतीच होतं. माझं का झालं नाही, तर जमलं नाही. मुलीकडचे विचारायचे, सुट्टीच्या दिवशी काय करता? आणि मी खरं सांगायचो. वर या जिल्ह्यातल्या कितीतरी लग्नांत वाजवायला मात्र मीच.

आता तो म्हातारा झाला आहे, खुर्चीवर बसून वाजवतो. मध्ये एका मुलाखतीत त्याला कोणीतरी विचारलं, एवढ्या वर्षांतलं सगळ्यात जास्त काय आठवतं? तो म्हणाला, वाट पाहणं. कार्यक्रम संध्याकाळी असतो आणि दुपारभर हॉटेलच्या पलंगावर बसून राहावं लागतं, ते. मी ते पुन्हा पुन्हा लावून ऐकलं. दुपारभर पलंगावर बसण्यात मी त्याला हार जाणार नाही. फक्त माझ्या संध्याकाळी कार्यक्रम नसतो.

कार्यक्रम का नसतो, तर कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातामुळं. आमच्या ऑर्केस्ट्राचा मालक स्वतःच कीबोर्ड वाजवायचा. माणूस दिलदार, शहागंजातला, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी. एकदा मला ताप आला म्हणून त्यानं बेसचं काम डाव्या हातानं भागवलं. कोणाच्या लक्षात आलं नाही. प्रेक्षकांच्या नाही, गाणाऱ्यांच्याही नाही. त्यानंतर गाडीत जागा कमी पडायला लागली. मग एका कार्यक्रमाला मला फोन आला नाही. भांडण झालं नाही, निरोप आला नाही. नुसता फोन आला नाही, आणि मग येईनासाच झाला.

मी आता घरीच वाजवतो. हेडफोन लावतो, त्या माणसाची गाणी लावतो आणि त्याच्या जागी उभा राहतो. समोरच्या गच्चीवर बायका वाळलेले कपडे काढत असतात. त्यांना दिसत असणार तो एक टक्कल पडलेला इसम, खिडकीत उभा राहून आवाज न करता मान हलवणारा. तारांची नुसती टपटप होते, तीही खोलीबाहेर जात नाही. गाणं संपलं, हेडफोन काढले की घर इतकं गप्प होतं की मी काही नको असताना फ्रिज उघडतो. लोकांना वाटतं कलावंताला एकांत लागतो. गाणाऱ्याला लागत असेल. बेसवाल्याला माणसं लागतात. मला फार एकटं वाटायचं, आणि ते कोणापुढं बोलायची सोय नव्हती, कारण नोकरी होती, घर होतं, तब्येत बरी होती.

एवढ्या वर्षांत दादा माझ्या एकाही कार्यक्रमाला आला नव्हता. कधी उसाला तोड आलेली, कधी लाइट रात्रीची म्हणून पाणी द्यायला जागावं लागायचं, कधी म्हैस व्यालेली. त्या सबबी नव्हत्या, खरी कारणं होती, त्यामुळं धड रागही धरता यायचा नाही. पण मनात एकच हवं होतं, की एकदा त्यानं मला ऐकावं. मग त्यानं खुशाल 'थोडा नाद' म्हणावं, पण ऐकून म्हणावं. त्या परदेशी माणसाच्या आयुष्यात मी नियम मोडला तो इथंच. त्याला भाऊ नाही. मी त्याला एक दिला. कुठल्याही देशात, कितीही मोठ्या मैदानात मी वाजवत असलो तरी दादा गर्दीत कुठंतरी असायचाच.

यंदा पुतण्याचं लग्न ठरलं. मुलगी जालन्याकडची, म्हणून दोघांना मध्ये पडेल असं करमाडजवळचं लॉन्स घेतलं. आदल्या दिवशी दुपारी हळद, आणि हळदीला ऑर्केस्ट्रा. पुतण्याचा फोन आला.

"काका, आपल्या घरचं लग्न हाये. तुमी बी वाजवायचं. मी बोललोय त्या ऑर्केस्ट्रावाल्याला, तो तर तुमाला वळखतो म्हणला."

"अन् तुझे वडील? का त्यांना त्या दिवशी पण मळ्यात काम निघालं?"

"ते कुठं जातेत आता? पोराची हळद हाये त्यांच्या!"

तो ऑर्केस्ट्रा आमचाच जुना निघाला. मी नव्या तारा चढवल्या. पुतण्यानं गाण्यांची नावं पाठवली होती, त्यातली बरीचशी आम्ही पूर्वी वाजवायचो तीच, तरी मी ती रोज संध्याकाळी पहिल्यापासून बसवली. एक नवा शर्ट घेतला. वहिनीला फोन करून विचारलं, दादाला खुर्ची कुठं ठेवणार? ती म्हणाली, भाऊजी, तुमाला काय झालंय, लग्न तुमचं हाये का? त्या दिवसांत तो परदेशातला माणूस माझ्याकडं फिरकला नाही. मलाही त्याची आठवण आली नाही, हे नंतर लक्षात आलं.

हळदीच्या दिवशी रजा टाकली, जालना रोडला येऊन एसटी धरली आणि बेस मांडीवर उभा धरून करमाडला उतरलो. लॉन्सवर मंडप घातलेला, गरगर फिरणारे मोठे पंखे, स्टेजच्या दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर. कीबोर्डवाल्यानं मला पाहिलं आणि मिठीच मारली.

"अरे उस्ताद! कितने साल!"

मलाही भरून आलं. मी पिशवीतून बेस काढला, वायर काढली आणि लावायला जागा शोधू लागलो. त्यानं माझ्या हातावर हात ठेवला.

"वायर नक्को उस्ताद. सगळं ट्रॅकवर है."

मला आधी कळेना. त्यानं टेबलावरचा लॅपटॉप दाखवला. सगळी वाद्यं त्यातच, आधीच वाजवून ठेवलेली. खरं काही असेल तर दोन गाणारे.

"मग मी काय करू?"

"खडे रहो ना. अच्छा दिखता. पार्टी को लाइव्ह पाहिजे."

तो टिंगल करत नव्हता. त्यानं मला वाकून टेबलाखाली दाखवलं. त्याच्या स्वतःच्या कीबोर्डची वायरही तिथं गुंडाळून ठेवलेली होती. ज्या डाव्या हातानं माझं काम गेलं, तो हातही आता नुसता दिखाव्याचा होता. मला त्याची कीव यायला हवी होती, पण माझं डोकं फिरलं होतं. इतक्या संध्याकाळींचा सराव, त्या तारा, तो शर्ट, आणि शेवटी लग्नाच्या स्टेजवर गळ्यात लाकूड अडकवून उभं राहायचं! मी बेस परत पिशवीत घालायला लागलो.

तेवढ्यात दादा आला. नुकताच कोणीतरी बांधलेला फेटा एका कानावर घसरलेला, मानेला हळद लागलेली. समोरच्या सगळ्या खुर्च्या बायकांनी धरलेल्या. त्यानं प्लास्टिकची एक खुर्ची ओढत आणली आणि जागा मिळाली तिथं, म्हणजे थेट स्पीकरच्या खोक्याला खेटून, माझ्याच बाजूला ठेवली. बसला आणि माझ्याकडं पाहू लागला. हसला नाही, हात केला नाही. नुसता पाहत राहिला. त्याच्यासमोरून पिशवी उचलून चालतं होणं मला जमलं नाही. मी बेस गळ्यात घातला आणि वायर न लावता उभा राहिलो.

पहिलं गाणं सुरू झालं आणि काही क्षणांतच मी ओळखलं. ट्रॅकवरचा बेस माझा होता.

आपली चाल जशी आपल्याला ओळखू येते, तसा आपला हातही येतो. फार वर्षांपूर्वी सिडकोतल्या एका खोलीत, भिंतींना गाद्या टेकवून, आम्ही आमची गाणी रेकॉर्ड केली होती. मंडळांना ऐकवायला एखादी सीडी असावी म्हणून. वाद्यं आम्ही एका दुपारी उरकली, गाणारे दुसऱ्या दिवशी येणार होते, ते आलेच नाहीत. ते काम तसंच राहिलं आणि मी ते विसरूनही गेलो होतो. गाणं संपल्यावर टाळ्यांच्या गलक्यात मी कीबोर्डवाल्याकडं वाकलो.

"हे आपलंच आहे?"

"और किसका? तुमच्यासारखा बजानेवाला मिलाच नाही. इतके साल हर शादी में तुमीच वाजवता ना!" एवढं सहज बोलून तो पुढचं गाणं लावायला वळला.

म्हणजे मी पुंडलिकनगरात पलंगावर बसून दुसऱ्याचे दौरे करत होतो, तेव्हा मी खरोखरच वाजवत होतो. पैठणला, वैजापूरला, जालन्याला, कुठल्या कुठल्या मांडवांत. माझी कारकीर्द व्यवस्थित चालू होती, फक्त तिच्यात मी नव्हतो. हसावं की बेस त्याच्या टाळक्यात घालावा, कळेना.

दुसरं गाणं लागलं आणि मला त्या दुपारची आणखी एक गोष्ट आठवली. तेव्हा भारनियमन होतं. सिडकोची लाइट जायची वेळ ठरलेली, आणि ती जायच्या आत हे गाणं संपवायचं म्हणून आम्ही सगळेच घड्याळाकडं बघत वाजवत होतो. दुसऱ्या कडव्याआधी क्षणभर सगळ्यांनी थांबायचं असतं. मी थांबलो नव्हतो. अर्धा ठोका आधीच घुसलो होतो. पुन्हा वाजवायला वेळ नव्हता, लाइट गेली, आणि चूक तशीच राहिली.

ती जागा जवळ येत होती. माझ्या बोटांना आता बरोबर थांबता आलं असतं. कोणाला काय ऐकू येणार होतं? पण दादा समोर होता. माझी बोटं आणि आवाज त्याच्यापुढं वेगळे पडावेत हे मला सोसवेना. मी तेव्हाइतकाच, तिथंच, अर्धा ठोका आधी घुसलो. समोर बायका नाचत होत्या, पुतण्याला कोणीतरी हळदीत बुडवून काढलं होतं, गाणारी टाळ्या मागत होती. कोणाचंही काही बिघडलं नाही.

जेवणासाठी कार्यक्रम थांबला तेव्हा मी हात धुवायच्या नळांपाशी गेलो. दादा मागून आला.

"जेवला का?"

"नाय अजून."

तो शेजारच्या नळावर हात धुवायला लागला. मला वाटलं, आता भाजीत मीठ कमी आहे वगैरे सांगेल. त्यानं फेट्याच्या शेमल्याला हात पुसले.

"मला वाटलं तू नुस्ता धरून उभा राहतो का काय. म्हनून मी बोटांकडंच बघत बसलो तुझ्या."

मी नळ बंद केला. "मग?"

"बोट हाललं की इथं लागायचं." त्यानं छातीवर तळहात ठेवला. "लई जोरात. मग दुसरं काय ऐकूच नाय आलं मला. ती पोरगी काय गाऊ राह्यली ते बी नाय कळलं."

वायरचं सांगून टाकावं असं ओठांपर्यंत आलं होतं. पण मी वाजवलं नव्हतं असं तरी कसं सांगणार? वाजवलं तर मीच होतं.

"फक्त त्या दुसऱ्या गाण्यात," दादा म्हणाला, "मधी एका ठिकाणी घाई केली तू. समदे थांबले अन् तू आधीच शिरला. व्हय नं?"

"व्हय," मी म्हणालो. "लाइट जाणार होती."

त्यानं मान वर करून मंडपातल्या पंख्यांकडं पाहिलं, भर दुपारी लावलेल्या दिव्यांच्या माळांकडं पाहिलं.

"लाइट तर हाये की रे!"

वरातीच्या गाडीचं काहीतरी विचारायला त्याला कोणीतरी हाक मारली. माझ्या पाठीवर एक ओला हात टेकवून, फेटा सावरत, तो निघून गेला. मी तिथंच उभा राहिलो. एवढ्या वर्षांत माझी चूक धरणारा एक माणूस मला मिळाला होता, आणि तो मला वाढवणारा होता. हात धुतोय असं लोकांना वाटावं म्हणून मी नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं.